नेरिडाची रेघ

"मग माझ्याकडे उरणार काय, तेवढं सांग," क्लेम म्हणाला. तो हे तिसऱ्यांदा म्हणत होता आणि दर वेळी त्याचा आवाज एक पायरी चढत होता.

"फुगा उरेल. टोपली उरेल. बर्नर गेल्याच वर्षी नवा घेतलास, तोही उरेल." नेरिडाने वाटाण्यांचं भांडं सासूपुढे सरकवलं. "विन, घ्या. गार होतायत."

"विषय बदलू नकोस."

"बदलत नाहीये. वाटाणे वाढतेय."

टॅम्सिनने काट्याने बटाटा कुस्करता कुस्करता बापाकडे पाहिलं. औषधांच्या दुकानातला पांढरा कोट अजून तिच्या अंगावरच होता. "डॅड, ममने अजून हो म्हटलेलं नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत कळवायचंय."

"हो म्हटलं नाही, पण नाही तरी कुठे म्हटलंय? रॉस्लिन पाइपरचा फोन येऊन चार दिवस झाले. नाही म्हणायला चार दिवस लागतात का?"

रॉस्लिन ही मुरिंगालच्या गरम हवेच्या फुग्यांच्या मेळ्याची अध्यक्ष. दर एप्रिलला तीसेक फुगे गावात उतरतात, आठवडाभर स्पर्धा चालते. रोज पहाटे साडेपाचला मैदानावर सगळ्या वैमानिकांना फळ्यासमोर उभं करून त्या दिवसाचा वारा सांगावा लागतो. किती उंचीवर किती वेगाचा, कुठून कुठे, आणि ऊन चढल्यावर त्याचं काय होईल. गेली नऊ वर्षं हे काम कॅनबराहून येणारा एक म्हातारा करत होता. त्याच्या गुडघ्यांनी आता नकार दिला होता, आणि रॉस्लिनने नेरिडाला विचारलं होतं. नियम एकच. वारा सांगणाऱ्याने कुठल्याही चमूत असायचं नाही, आणि एकाला सांगितलं त्यापेक्षा दुसऱ्याला अक्षरही जास्त सांगायचं नाही.

"यात एवढं रागवण्यासारखं काय आहे, तेच मला कळत नाही," विन म्हणाली. ब्याऐंशी वर्षांची होती ती, आणि वाटाणे एकेक मोजून खायची. "नेरिडा फळ्यावर आकडे लिहील. क्लेमला कुठे आकडे लागतात? त्याला वाऱ्याचं नाक आहे. त्याच्या बापालाही होतं."

क्लेमने मान खाली घालून मटणाच्या चॉपचा तुकडा कापला. नेरिडाने नवऱ्याकडे पाहिलं. तो आत्ता बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. तो चघळत राहिला.

क्लेमच्या नाकाची गोष्ट मुरिंगालमध्ये सगळ्यांना पाठ होती. मेळ्यातली सगळ्यात मानाची शर्यत म्हणजे किल्लीची. मैदानाच्या मधोमध उंच खांबावर पितळी किल्ली टांगतात. प्रत्येक वैमानिकाने गावाबाहेर निदान चार किलोमीटरवर आपापली जागा निवडून तिथून उडायचं आणि वाऱ्यावर वाहत येऊन ती किल्ली हाताने काढून न्यायची. फुग्याला सुकाणू नसतं. वर जाता येतं आणि खाली येता येतं, बस. म्हणजे शर्यत जिंकायची ती जमिनीवर, उडण्याआधी, जागा निवडताना. क्लेम हॅन्रहनने ती तीनदा जिंकली होती, आणि तिन्ही वेळा बक्षीस घेताना त्याने लोकांकडे बघून नाकावर दोनदा बोट आपटलं होतं. लोक हसले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत नेरिडाही होती.

उडायची जागा मात्र दर वेळी नेरिडाने निवडली होती.

ती लबाडी वगैरे काही नव्हती. ते असंच होत गेलं होतं. लग्न झालं तेव्हा नेरिडा धान्याच्या उंच कोठारावर, सायलोवर, वजनकाट्याची कारकून होती. बाप रेल्वेचे रूळ दुरुस्त करणारा, घरात पाच भावंडं, शाळा पंधराव्या वर्षी सुटली. क्लेम कौन्सिलच्या रस्त्यांवर माती सपाट करणारा ग्रेडर चालवायचा. दोन मित्रांबरोबर त्याने एक जुना फुगा घेतला. मित्र वर्षभरात कंटाळले, फुगा क्लेमकडे राहिला. फुगा उडाला की कोणालातरी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन त्याच्यामागे जावं लागतं, मागे टोपलीची गाडी जोडून. ते कोणीतरी म्हणजे बायको.

पहिल्या वर्षी ती मागे मागे जायची. मान वर, एक हात चाकावर, शेजारच्या सीटवर बांधलेली आठ महिन्यांची टॅम्सिन रडतेय, आणि समोरचा मातीचा रस्ता दर वेळी फुगा जाईल त्याच्या उलट दिशेला वळायचा. एकदा तो तीन तास सापडला नाही. शेवटी भेटला तो ओढ्याकाठी. गुरं हाकणाऱ्या एका माणसाबरोबर चहा पीत बसला होता. तिला पाहून म्हणाला, "उशीर केलास गं."

त्या दिवशी तिने ठरवलं की आता मागे जायचं नाही. पुढे जाऊन थांबायचं.

तिने टपाल कचेरीतल्या बाईला पटवलं. फॅक्सवर येणारा वाऱ्याचा अंदाज ती बाई रोज हिच्यासाठी काढून ठेवू लागली. पुढे कॉम्प्युटर आला. तो तक्ता नेरिडा शाळेच्या वहीत उतरवायची: हजार फुटांवर अमुक, दोन हजारांवर तमुक. आणि त्याच्याच समोर, परत आल्यावर, खरं काय झालं ते. अंदाज एक आणि घडलं दुसरं. फरक किती, कोणत्या बाजूला, आदली रात्र किती गार होती, ओढ्यावर धुकं होतं की नाही. एकवीस वर्षांत एकोणीस वह्या भरल्या. अंदाजाला ती कधी नावं ठेवत नसे. तो कुठे चुकतो हे एकदा कळलं की चुकणाराही भरवशाचा होतो, असं तिचं म्हणणं होतं, आणि हे ती नवऱ्याला उद्देशून म्हणत नसे.

आकाश निरभ्र असलं की जमिनीलगतची गार हवा ओढ्याच्या उतारावरून खाली सरकते, हे तक्त्याला माहीत नव्हतं. डोंगराच्या माथ्यावर ऊन आल्यानंतर चाळीस मिनिटांनी ती सरक थांबते आणि तक्त्यातला वारा खाली उतरतो. हे तिने मोजून काढलं होतं. मग पहाटे ती एक छोटा फुगा सोडायची, खाली मिणमिणता दिवा बांधून. मनगटावरचं घड्याळ बघत तो कुठे जातो ते टिपायची. सगळं जुळवून नकाशावर पेन्सिलीने एक रेघ ओढायची, सुरुवातीला फुली, शेवटाला फुली. तो कागद क्लेमच्या शर्टाच्या खिशात जायचा. मग ती यूट घेऊन शेवटच्या फुलीपाशी जायची, त्या रानाच्या मालकाला विचारायची, फाटक उघडून थांबायची. कित्येक वर्षं दुसऱ्या चमूंच्या गाड्या आपापल्या फुग्यांमागे न जाता नेरिडाच्या यूटमागे जात होत्या. रॉस्लिनची गाडीही त्यातच असायची. फोन आला तो त्यामुळेच.

"उद्या सकाळी सरावाचं उड्डाण आहे," क्लेम आता म्हणाला. चॉप संपली होती. "उद्याची जागा मी निवडणार. तू फक्त यूट चालव. एक शब्द बोलायचा नाही."

"छोटा फुगा?"

"नाही सोडायचा. नाक आहे ना मला?"

विनने समाधानाने मान हलवली. टॅम्सिनने ताटं गोळा केली.

"ठीक," नेरिडा म्हणाली.

गुरुवारी पहाटे फटफटलं तेव्हा तिघं मैदानावर होती. क्लेमच्या एका हातात होकायंत्र होतं आणि दुसऱ्या हातात छापलेला तक्ता. तो त्याने स्वतः छापला होता, त्यामुळे अर्धा कागद कोरा आणि अर्ध्यावर बारीक मुंग्या. हजार फुटांवर दोनशे चाळीस अंशांकडून, वेग आठ नॉट. एवढं बरोबर वाचलं त्याने. मग किल्लीच्या खांबाच्या जागी उभा राहिला, होकायंत्र छातीशी धरलं, सुई स्थिर होऊ दिली आणि दोनशे चाळीसवर नजर लावली. नजरेच्या टोकाला सायलो उभे होते.

"सायलोशेजारचं धसकटांचं रान," तो म्हणाला. "तिथून."

नेरिडाने टॅम्सिनकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंडावर दिसलं असतं.

तक्त्यातली उत्तर ही नकाशाची उत्तर असते. होकायंत्राची सुई मुरिंगालमध्ये तिच्यापासून बारा अंश पूर्वेला कलते. म्हणजे तक्त्यातल्या आकड्यातून बारा वजा करायचे आणि मग सुईवर बघायचं. क्लेम हे परवान्याच्या परीक्षेसाठी शिकला होता, त्यात चांगले गुणही पडले होते. पण एकवीस वर्षं त्याच्या हाती रेघ आयती पडत होती आणि ते बारा अंश रेघेतच असायचे. हाताची सवय गेली की डोक्यातलंही जातं. खरी जागा जुन्या दूधकेंद्राशेजारी होती. चार किलोमीटरवर बारा अंश म्हणजे आठशे मीटरांहून थोडं जास्त.

एक शब्द बोलायचा नाही, असं ठरलं होतं. सरावाचं उड्डाण होतं, हवा शांत होती, कोणाच्या जिवाला धोका नव्हता. ती बोलली नाही.

सायलोशेजारी त्यांनी टोपली उतरवली, कापड पसरलं, पंख्याने हवा भरली. ऊन डोंगरमाथ्यावर येऊन बराच वेळ झाला होता. ओढ्याची सरक मरत आली होती. बाप-लेक टोपलीत चढले, बर्नर गरजला, निळा-पिवळा फुगा उचलला गेला आणि क्लेमने वरून मोठ्या थाटात हात हलवला.

नेरिडाने यूटच्या बॉनेटवर नकाशा पसरला. सायलोपासून पेन्सिल निघाली. मैदानाच्या उत्तरेने ती गेली, गावाच्या शेवटच्या घरांवरून, आणि सरळ आयव्हर मॅडर्नच्या कुरणात. ते नकाशावर लाल रंगवलेलं होतं. मेंढ्या व्यायला आलेल्या. लाल कुरणावर हजार फुटांच्या खाली यायचं नाही, बर्नरच्या आवाजाने मेंढ्या पळतात आणि कोकरं चेंगरतात. म्हणजे क्लेमला खाली येता येणार नाही. वर गेला तर या दिवसांत इथला वारा आणखी डावीकडे ओढतो, म्हणजे मैदानापासून अजून लांब. हजाराच्या जरा वरच धरून राहावं लागेल. लाल रंग संपल्यावर मॅडर्नचंच गव्हाचं रान, कापणी झालेलं, आणि त्याच्या कडेला रेल्वे फाटकाचा रस्ता. तिने तिथे फुली मारली आणि फोन काढला.

"आयव्हर, नेरिडा बोलतेय. क्लेम तुझ्या मेंढ्यांवरून जाईल, पण उंचावरून. उतरेल फाटकाजवळच्या धसकटांत. चालेल ना?"

"कधी येतोय?"

"सव्वासातला. पाच मिनिटं इकडे-तिकडे."

"निघालाय तो?"

"आत्ताच."

पलीकडे आयव्हर हसला. "त्याला ठाऊक आहे का, कुठे येतोय ते?"

"अजून नाही," नेरिडा म्हणाली.

गावातून जाताना तिने एकदाही वर पाहिलं नाही. रेल्वे फाटकापाशी पोचली, मॅडर्नचं फाटक उघडलं, यूट आत घेतली, फाटक होतं तसं लावलं. थर्मासमधून चहा ओतला. चार दिवस तिला एकाच गोष्टीने गप्प ठेवलं होतं. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या बाईने तीस वैमानिकांसमोर फळ्याजवळ उभं राहायचं, त्यांच्यात एक डॉक्टर, दोन इंजिनियर, एक न्यायाधीश. त्यांनी उलट प्रश्न विचारला तर? आणि आता ती दवाने भिजलेल्या धसकटांत उभी राहून विचार करत होती: विचारतील तर उत्तर देईन. मला येतंय ते.

सात वाजून तेरा मिनिटांनी फुगा कुरणाच्या झाडांवर दिसला. उंच, गप्प, बर्नर कमीत कमी. मग लाल कुरणाची कड ओलांडली आणि तो खाली येऊ लागला. टोपलीतून एक डोकं बाहेर झुकलं. ते डोकं यूटकडे बघून जागच्या जागी थांबलं.

टोपली दोनदा आपटून तिच्यापासून साठ पावलांवर टेकली. कापड हळूहळू कलंडलं. आयव्हर त्याच्या चारचाकी मोटारसायकलवरून तोवर पोचला होता.

"काय क्लेम," तो म्हणाला, "आज नाकाला सर्दी?"

क्लेम टोपलीतून उतरला. ग्लोव्ह काढले, एकात एक घातले. "किती वेळ उभी आहेस?"

"अर्धा कप चहा."

"तुला कधी कळलं?"

"होकायंत्र छातीशी धरलंस तेव्हा."

"बारा अंश," टॅम्सिन टोपलीतूनच म्हणाली. "वर त्यालाही आठवलं, मम. मैदान उजवीकडून गेलं तेव्हा. मग जे काही बोलला ते मी घरी आजीसमोर सांगू शकणार नाही."

"आणि तू बोलली नाहीस," क्लेम बायकोला म्हणाला.

"तू बोलू नको म्हणालास."

आयव्हर मेंढ्यांकडे बघत राहिला. नवरा-बायकोच्या बोलण्यात कुठे बघायचं हे त्याला बरोबर कळायचं. चौघांनी मिळून कापडाची गुंडाळी केली, त्यातली हवा पोटाने दाबून काढली, टोपली गाडीवर चढवली. क्लेमने फाटक उघडलं, यूट बाहेर गेल्यावर लावलं, कडी नीट बसली का ते हलवून पाहिलं.

घरी विन ओटमीलची लापशी पुढे घेऊन बसली होती. "मग? गाठलं का मैदान?"

"नाही," क्लेम खुर्ची ओढत म्हणाला. "वारा फिरला."

टॅम्सिनचा टोस्टवर लोणी लावणारा हात थांबला.

जगातल्या प्रत्येक वैमानिकाने कधी ना कधी हे म्हटलेलं असतं, आणि नेरिडाने ते क्लेमच्या तोंडून पूर्वीही ऐकलं होतं. नाक त्याचं म्हणून लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा तिला कधी काही लागलं नव्हतं. नवऱ्याचं कौतुक घरातच येतं, असं ती मनाला सांगायची. पण आज सकाळचा वारा तिने पाहिला होता. तक्त्यात लिहिलं तसा, लिहिलं त्याच दिशेने, लिहिलं त्याच वेगाने तो आला होता. इतकी सरळ सकाळ वर्षातून दोन-तीनदा मिळते. त्याच्यावर आळ घेतलेला तिला सोसेना.

"वारा फिरला नाही," ती म्हणाली.

विनने चमचा खाली ठेवला. "तो उडत होता की तू?"

"विन, वारा जिथून येणार होता तिथूनच आला. तुम्ही क्लेमला विचारा."

म्हातारी मुलाकडे वळली. क्लेमने कान खाजवला. साठ वर्षांचा, गालावर धसकटांची धूळ, आणि आईसमोर दहा वर्षांच्या पोरासारखा दिसत होता. बराच वेळ त्याने लापशीत मध ओतला, हवा होता त्यापेक्षा जास्त.

"नाही फिरला, मम," तो शेवटी म्हणाला. "मी चुकलो. आणि ऐक. किल्ली तीनदा काढली ना, त्या तिन्ही वेळा जागा हिने सांगितली होती. दर वेळी हीच सांगते. मी नुसता वर-खाली करतो."

"नुसता नाही," नेरिडा म्हणाली. "वर-खाली तुझ्यासारखं कोणाला जमत नाही. तेरा मीटरांच्या खांबावरची किल्ली मला नसती काढता आली."

"मग त्याच्या बापाचं नाक?" विनने विचारलं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"नॅन, आजोबा दोनदा कुंपणात गेले होते," टॅम्सिन म्हणाली. "तूच सांगितलंस."

"एकदा," विन म्हणाली. मग थोडा विचार करून, "दुसऱ्यांदा ते झाड होतं."

क्लेम हसला. त्या हसण्याबरोबर त्याच्या अंगातलं कालपासूनचं काहीतरी सैल झालं. तो टेबलावर पुढे झुकला आणि आवाज खाली आणला, ग्रेडरच्या सुट्ट्या भागांची घासाघीस करताना आणायचा तसा. "बरं. घे ते काम. मी आडवा येत नाही. बोलायचं नव्हतं ते बोललो काल. पण असं करू. तू पहाटे साडेचारला उठशीलच. मैदानावर जाण्याआधी, इथे, चहा घेताना, कागदावर एक रेघ. कोणाला कळणार आहे?"

"मला," नेरिडा म्हणाली.

"एवढीशी रेघ."

"इतकी वर्षं एवढीशीच होती ती."

ती उठली, आपला कप धुतला, पालथा घातला, हात पुसले. भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन रॉस्लिनचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत असताना ती वळून तिघांकडे बघत, रोजच्या आवाजात म्हणाली, "शनिवारपासून मेळा संपेपर्यंत या घरात कोणी मला वारा विचारायचा नाही. ज्याला हवा असेल त्याने साडेपाचला मैदानावर यायचं, बाकीच्यांबरोबर उभं राहायचं आणि वहीत लिहून घ्यायचं. यूट टॅम्सिन चालवेल. विन, तुमची लापशी क्लेम करेल."